गोष्टीच्या तासाला बाहुली बोलत का नाही? या चुका टाळा

वाचनालयातल्या गोष्टीच्या तासाला बाहुली आणायची ठरली, की पहिला आठवडा ती सजवण्यातच जातो. माझाही गेला होता. मी एक म्हातारी शिवली होती. नऊवारी, नथ, पांढऱ्या लोकरीचा अंबाडा, हातात काठी. तीन संध्याकाळी गेल्या. शनिवारी तिला हातात घालून सतरंजीवर बसले, तर आत बोटं हलेनात आणि तिची मान वळेना. मुलांनी दोन मिनिटं नथ पाहिली आणि खिडकीतल्या मांजराकडे तोंडं फिरवली. तास संपता संपता चार वर्षांच्या एका मुलीने पायातला मोजा काढून हातात घातला आणि त्याला म्हणायला लावलं, "मला भूक लागली!" सगळी पोरं तिच्याभोवती गोळा झाली.

तेव्हापासून कुठलीही बाहुली करायला घेतली की मी आधी एकच विचारते: ही मुलाच्या हातासाठी आहे, की मोठ्यांच्या डोळ्यांसाठी आणि ग्रुपवर टाकायच्या फोटोसाठी? पुढच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

तोंड हलतं, पण बोलणं वाटत नाही

मोज्याची बाहुली सगळ्यात सोपी, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा तळहाताएवढा लांबट गोल कापा, मधोमध दुमडा आणि मोज्याच्या बोटांकडच्या टोकात सरकवा. हे झालं तोंड. चार बोटं वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. टाचेचा फुगवटा वरच्या बाजूला, मनगटाशी येतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे बोलताना वरची चार बोटं उचलणं. मग बाहुलीचं डोकं मागे फेकलं जातं आणि डोळे छताला लागतात. आपण बोलतो तेव्हा आपला खालचा जबडा हलतो, तसाच बाहुलीचा हलला पाहिजे. म्हणजे अंगठा खाली सोडायचा आणि वरची बोटं जवळपास स्थिर ठेवायची. आरशासमोर दहा मिनिटं नुसतं "भो-प-ळा" म्हणून बघा. तीन अक्षरं, तीन वेळा तोंड उघडायचं. अक्षर उच्चारताना तोंड उघडं हवं आणि शब्द संपला की मिटलेलं. नवशिक्यांचं नेमकं उलट होतं, अक्षरावर तोंड मिटतं. मुलांना काय चुकलं ते सांगता येत नाही, पण ही बाहुली बोलत नाहीये एवढं त्यांना लगेच कळतं.

दुसरी अडचण डोळ्यांची. डोळे दोन्ही बाजूंना, माशासारखे शिवले, तर बाहुली कुणाकडेच बघत नाही. ते वरच्या जबड्यावर, बोटांच्या सांध्यांच्या जरा पुढे आणि एकमेकांजवळ हवेत. पांढऱ्या फेल्ट कापडाचे दोन गोल घ्या आणि त्यावर काळ्या दोऱ्याचे टाके. मनगट थोडं खाली झुकवलं की नजर खाली बसलेल्या मुलांवर येते. हात दमला की मनगट ढिलं पडतं, नजर परत वर जाते. म्हणून कोपर गुडघ्यावर किंवा बुटक्या स्टुलावर टेकवून बसा.

ओठ न हलवता बोलायच्या भानगडीत पडू नका. रामदास पाध्यांच्या मांडीवरचा अर्धवटराव आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो, म्हणून बाहुली म्हटलं की शब्दभ्रम आलाच पाहिजे असं वाटतं. ती वेगळी कला आहे आणि तिच्यामागे वर्षांची साधना लागते. तीन-चार वर्षांच्या मुलांना तुमचे ओठ हलताना दिसले तरी चालतात. तुम्ही बाहुलीकडे बघत असलात, तर मुलंही तिच्याकडेच बघतात. आवाज चिरका काढायचीही गरज नाही, अर्ध्या तासात घसा बसतो. बाहुली जरा सावकाश बोलली किंवा दर वाक्याआधी "हं…" म्हणाली, तरी तिची ओळख होते. तेही जमत नसेल तर ती तुमच्या कानात कुजबुजते आणि तुम्ही मुलांना सांगता: "काय म्हणतेय ऐकलंत? तिला थंडी वाजतेय."

आणि बाहुलीने ऐकलंही पाहिजे. मूल बोलत असताना बाहुली हातात लोंबत राहिली, तर त्या मुलाला कुणी उत्तर देतंय असं वाटत नाही. मान त्याच्याकडे वळवा, थोडी कलती करा, मग तोंड उघडा. माझ्या मते हे एवढं आलं तर बाकीचं सगळं हळूहळू येतं.

मूल घाबरून रडलं

बाहुली एकदम तोंडासमोर नेली की दोन-अडीच वर्षांची मुलं दचकतात. आपण उत्साहात "बघ, बघ कोण आलंय!" म्हणत हात पुढे करतो आणि घोटाळा होतो. त्यात काहीजण "अरे, घाबरतोस काय, खोटी आहे ती" असं म्हणतात. असं म्हणून त्याची भीती जात नाही, वर त्याला लाज वाटते.

बाहुलीलाच लाजू द्या. ती पिशवीतून फक्त एक डोळा बाहेर काढते, मुलांना बघते आणि परत आत जाते. दुसऱ्यांदा नाकापर्यंत येते. मग विचारा, "तिला भीती वाटतेय. आपण हळू आवाजात बोलायचं का?" घाबरलेलं मूल आता धीर देणारं होतं. तरीही एखादं आईच्या पदराआड राहिलं तर राहू द्या, त्याच्याकडे जाऊ नका. माझ्याकडे एक मुलगा पाच शनिवार दारात उभा राहून गोष्ट ऐकायचा. सहाव्या शनिवारी तो आत आला आणि बाहुलीच्या तोंडात बोट घालून दात मोजायला लागला.

"तुम्हीच बोलताय!" असं म्हणणारा एक शहाणा प्रत्येक गटात असतो. त्याला खोटं सांगू नये. "हो, मीच बोलतेय. तुला बोलायचंय तिच्यातर्फे?" म्हणून मोजा त्याच्या हातात द्यावा.

हस्तकला अर्धवट राहते

गोष्टीचा तास मोठ्या मुश्किलीने पाऊण तासाचा. त्यात दहा मिनिटांहून जास्त वेळ चिकटवाचिकटवीत गेला, तर केलेल्या बाहुलीशी खेळायला वेळच उरत नाही. तीन पायऱ्यांत न होणारी वस्तू मी या वयाला देत नाही.

सगळ्यात जास्त तंटा फेविकॉलचा. तो घट्ट धरायला अर्धा तास घेतो आणि मुलाला बाहुली आत्ता हवी असते. डोळा घसरतो, मूल तो परत लावतं, बोटं चिकटतात, रडारड होते. पतंगाचा कागद असेल तर ओल्या गमाने तो सुरकुततो तो वेगळाच. लहानांसाठी गम स्टिक वापरा, नाहीतर दुहेरी चिकटपट्टीचे तुकडे आदल्या दिवशी लावून ठेवा, मुलाने फक्त वरचा कागद सोलायचा. गरम गोंदाची बंदूक घरीच, मुलं नसताना.

खाकी पिशवीची बाहुली करताना पिशवी कुठली आहे ते बघून घ्या. औषधाच्या दुकानातली चपटी पिशवी चालत नाही, कारण तिला तळच नसतो. चौकोनी तळाची हवी. तळाची दुमडलेली घडी म्हणजे वरचा जबडा, घडीखालची बाजू म्हणजे खालचा. मुलं हमखास डोळे पिशवीच्या मागच्या बाजूला लावतात. घडीवर आधीच पेन्सिलीने दोन टिंबं करून ठेवली की हा प्रश्न सुटतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो कागदी बेडूक, कारण त्याला गमसुद्धा लागत नाही. साधा हिरवा कागद लांबीच्या दिशेने तीन भागांत दुमडायचा. तयार झालेली पट्टी मधोमध दुमडायची, मग दोन्ही टोकं बाहेरून उलटी मागे, मधल्या घडीपर्यंत आणायची. बाजूने बघितलं तर नागमोडी घडी दिसते आणि दोन खिसे तयार होतात. वरच्यात बोटं, खालच्यात अंगठा. डोळे काढायचे, लाल खडूने जीभ रंगवायची, झालं. इथे चूक होते ती कागदाची. चांगला दिसावा म्हणून कार्डशीट घेतलं तर चिमुकल्या बोटांना घडी दाबता येत नाही. झेरॉक्सचा साधा रंगीत कागदच बरा.

काडीबाहुलीसाठी खराट्याची काडी किंवा बांबूची टोकदार काडी नको. गाण्याच्या नादात मुलं हात जोरात हलवतात आणि शेजारी दुसऱ्याचा डोळा असतो. आइस्क्रीमची चपटी काडी घ्या. बोटबाहुल्या दिसायला गोड, पण सात-आठ मुलांपलीकडे त्या दिसतच नाहीत. मागे बसलेली मुलं उठून पुढे येतात आणि आपण त्यांनाच रागावतो, तर तसं करू नका. मोठ्या गटात बोटबाहुल्या मुलांच्या बोटांवर हव्यात आणि तुमच्या हातात मोठी बाहुली.

एका बाबतीत मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. ३ वर्षांखालचं मूल वस्तू तोंडात घालतं. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३.१७ सेंमी व्यासाचं नळकांडं वापरतात, त्यात मावणारा सुटा तुकडा या वयाच्या मुलाला देत नाहीत. कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची डबी साधारण त्याच मापाची असते. बटणं, मणी, हलणारे प्लास्टिकचे डोळे त्यात सहज मावतात, म्हणून ते नकोच. डोळे रंगवा किंवा शिवा. आणि बाहुलीच्या पोटात चमकणारा दिवा घालायचा मोह झाला तर त्यातला बटण सेल आठवा. तो गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजतं.

गाणं आपण एकट्यानेच म्हणत बसतो

मुलं गात नाहीत, अशी तक्रार मी फार ऐकते. बहुतेक वेळा पट्टी खाली असते. मोठी माणसं आपल्या सोयीने खर्जात गातात. लहान मुलांचा गळा पेटीच्या मधल्या सप्तकात, साधारण पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत मोकळेपणाने चालतो. तेवढ्या पाच-सहा सुरांत बसणारी चाल घ्या आणि तुम्हाला जरा उंच वाटेल तिथून सुरू करा.

दुसरं कारण मोबाइल. यूट्यूबवर गाणं लावून दिलं की मुलं गायची थांबतात आणि पडद्याकडे बघतात. ध्वनिमुद्रित गाणी चार वर्षांच्या जिभेला फार वेगात असतात, आणि मागे पडलेल्या मुलासाठी फोन थांबत नाही. आवाज साधा असला तरी तुमचाच हवा.

गाण्यात मुलांसाठी रिकामी जागा ठेवा. बेडकासोबत मी हे म्हणते:

बेडूक बसला पानावर,
डराव डराव!
थेंब पडला नाकावर,
डराव डराव!
उडी मारली पाण्यात…
डुबुक!

"पाण्यात" नंतर थांबायचं. खरंच थांबायचं, मनात तीन मोजेपर्यंत. पहिल्या खेपेला शांतता असते, दुसऱ्यांदा एखादं मूल "डुबुक" म्हणतं, तिसऱ्यांदा सगळे. ती शांतता सहन न होऊन आपणच शब्द भरून टाकतो आणि मुलांची पाळी हिरावतो. आपल्या मराठीत असे शब्द किती आहेत! टुणकन, भुर्रकन, धपकन, गुटर्गू, खुडबुड. प्रत्येक शब्दात बाहुलीची एक हालचाल दडलेली आहे, निराळी शिकवावी लागत नाही.

सलाम-रामरामाचं गाणं दर आठवड्याला तेच ठेवा. "कोण आली, कोण आली गोष्ट ऐकायला?" असं म्हणत बाहुली एकेका मुलीपाशी जाते आणि तिचं नाव घेते. मुलगा असेल तर "आला" म्हणायचं, नाव आधी आठवून ठेवायचं. दर शनिवारी नवं गाणं हवं हा हट्ट आपला असतो. मुलांना तेच हवं असतं, आणि चौथ्या आठवड्यात ती ते घरी आजीला शिकवतात.

क्रम उलटा लागतो

साहित्य आधी वाटलं की गोष्ट संपली म्हणून समजा. आधी गाणं, मग गोष्ट, मग बाहुली बनवणं आणि शेवटी बनवलेल्या बाहुल्या घेऊन तेच गाणं पुन्हा. हा शेवटचा भाग वेळेअभावी गळतो, आणि मला त्याचं सगळ्यात वाईट वाटतं, कारण घरी जाऊन बाहुलीचं काय करायचं हे मूल तिथेच शिकतं.

एका गोष्टीत पाच-पाच बाहुल्याही आणू नयेत. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत एका वेळी एकच चित्र समोर असतं. त्यावरचं गाणं-सांगणं झालं की मग पुढचं. आपणही तसंच करावं. चिऊच्या दारात कावळा आला, तर चिऊ पिशवीत आणि कावळा हातात. दाराआडून नुसता चिऊचा आवाज आला तरी मुलं पिशवीकडे बघतात.

बाहुलीची भाषा

बाहुली पुस्तकी बोलू लागली की ती बाई किंवा सर वाटते. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी भाषा सतरंजीवरच्या मुलांच्या घरात आहे, ती तिच्या तोंडी येऊ द्या. परदेशात मराठी वर्ग चालवणाऱ्या मैत्रिणींना मुलं इंग्रजीत उत्तरं देतात ही अडचण असते. तिथे "मराठीत बोल" असं सांगण्यापेक्षा बाहुलीला फक्त मराठीच कळतं असं ठरवलेलं बरं. ती मान तिरकी करून गोंधळून बघते, आणि मूल तिच्यासाठी शब्द शोधायला लागतं. शब्द चुकला तर बाहुलीने दुरुस्त करू नये, तोच शब्द आपल्या वाक्यात बरोबर वापरावा.

पावसाळ्यात

जूननंतर कापडी बाहुल्यांना कुबट वास येतो, बुरशी धरते. कपाटात डांबरगोळ्या मात्र टाकू नका. त्या विषारी असतात, आणि या बाहुल्या थेट मुलांच्या तोंडाशी जातात. दर पंधरवड्याला कोमट पाण्यात साबणाने धुवून पंख्याखाली पूर्ण सुकवा, सुती पिशवीत ठेवा, सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून टाका. तोंडातला पत्रिकेचा कागद धुण्याआधी काढायचा असतो. तो विसरून ओला झाला तर नवा घाला. जुन्या पत्रिका मागितल्या की पालक गठ्ठाच आणून देतात.