लिंक्डइनवर कंपनीच्या लोगोऐवजी करडी इमारत दिसतेय?

कंपनीचं नाव आपण हातानं पूर्ण टाइप करून तसंच सेव्ह केलं की लिंक्डइन ते कंपनीच्या पेजशी जोडत नाही, म्हणून लोगो येत नाही. नाव यादीतूनच निवडावं लागतं.

१. प्रोफाइलवर ‘एक्सपिरियन्स’मध्ये त्या नोकरीची पेन्सिल दाबा.
२. ‘नोटिफाय नेटवर्क’ (बदल आपल्या ओळखीच्यांना कळवणारं बटण) बंद आहे ना, ते आधी बघा. नाहीतर जुनीच नोकरी आणि अभिनंदनाचे मेसेज सुरू!
३. कंपनीचं नाव पूर्ण पुसा. पहिली चार-पाच अक्षरं टाका आणि थांबा. खाली लोगोसकट यादी उघडते, त्यातून आपली कंपनी निवडून सेव्ह करा.

यादीत नावच नसेल तर बहुतेक कंपनीचं पेज नाही. ऑफिसात सांगून बनवून घ्या. तिथे लोगो चौकोनी द्या, ४०० बाय ४०० पिक्सेलचा. लेटरहेडवरचा आडवा लोगो तसाच चढवला तर मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. त्यापेक्षा नुसतं चिन्ह घ्यावं.

‘साई’, ‘श्री’ अशा नावांच्या कंपन्या ढीगभर असतात. निवडण्याआधी त्या पेजवरचं गाव आणि वेबसाइट जुळवून बघा, दुसऱ्याचाच लोगो लागायला नको.