फौजेतून सिव्हिलमध्ये: अर्जात ‘शिस्त’ सोडून काय लिहायचं

फौजेतून बाहेर पडणाऱ्याला जो तो सांगतो, ‘तुमची शिस्त कुठेही कामाला येईल.’ येते, पण नुसत्या शिस्तीवर बहुतेक सिक्युरिटीचीच नोकरी मिळते. मी आर्मी सर्व्हिस कोअरमधून, म्हणजे फौजेच्या रसद आणि वाहतुकीच्या शाखेतून निघालो, आता एका कंपनीचं गोदाम सांभाळतो. भरतीच्या वेळी माजी सैनिकांचे अर्ज माझ्याकडे येतात. ‘प्लाटून हवालदार, एमओआय कोर्स, ट्रेड क्लास वन.’ मला कळतं, शेजारी बसलेल्या एचआरवाल्या मुलीला ओ की ठो कळत नाही. तेच असं लिहा: तीसेक माणसांच्या ड्युट्या लावल्या, साहित्याचा हिशोब ठेवला, नव्यांना शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. एमओआय म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स. कंपन्या त्यासाठी वेगळा ट्रेनर ठेवतात, आणि आपली माणसं हा कोर्स एका ओळीत उरकतात!

स्टोअरचं काम तर जसंच्या तसं उपयोगी पडतं. लेजर, इश्यू व्हाउचर (वस्तू दिल्याची सहीची पावती), ठरावीक काळाने मोजणी, तूट निघाली की चौकशी. इथे लेजरच्या जागी सॉफ्टवेअर असतं, ते शिकता येतं. सहीशिवाय वस्तू हलू द्यायची नाही, ही सवय मात्र नव्या माणसात मुरायला फार वेळ लागतो. गाडीवाल्यांनीही नुसतं ‘ड्रायव्हर’ लिहू नये. कार डायरी (गाडीच्या फेऱ्यांची नोंदवही), देखभालीचं वेळापत्रक, काफिल्याचं नियोजन हेही केलेलं असतं, ते लिहा.

जड जातं ते बोलणं. फौजेत ‘हो सर’ म्हणून काम तडीस न्यायचं. इथे ‘या तारखेला होणार नाही’ हे आधीच सांगावं लागतं. पगाराचंही तसंच. तिकडे पे मॅट्रिक्स, म्हणजे पगाराचा तक्ता ठरलेला, त्यामुळे ‘अपेक्षा किती?’ या प्रश्नाला आपण गांगरतो. ‘तुम्हाला पेन्शन आहेच ना’ म्हणून कोणी आकडा खाली आणू लागला तर ऐकू नका. पेन्शन मागच्या नोकरीची आहे.

सरकारी नोकरी हवी असेल तर नियम नीट वाचा. केंद्राच्या गट ‘क’ पदांत माजी सैनिकांना १० टक्के आरक्षण आहे. वयातून सेवेची वर्षं वजा होतात आणि वर ३ वर्षांची सूट मिळते. दहावी झालेल्या आणि १५ वर्षं सेवा केलेल्या जवानाला पदवीच्या समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. ते ठरावीक सरकारी पदांसाठी चालतं. ती विद्यापीठाची पदवी नव्हे, खासगी कंपनी ते मानेलच असं नाही. अग्निवीरांची सेवा ४ वर्षांची, पेन्शन नाही, त्यामुळे त्यांनी इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या अग्निवीरांसाठीच्या खास पदवीला सेवेत असतानाच नाव घालावं. तिचे निम्मे क्रेडिट प्रशिक्षणातून मिळतात.

कोर्सच्या प्रमाणपत्रांच्या प्रती युनिटमध्ये असतानाच काढून घ्या. डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवापुस्तकात) सगळं येत नाही, आणि नंतर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.