लढाई चालू असताना मतदानाचा कायदा बदलला, तर तो कसा वाचायचा

माझ्या इतिहासाच्या वर्गात मी एक सवय लावते: युद्धकाळात आलेला मतदानाचा कायदा प्रस्तावनेपासून वाचायचा नाही. तिथं देशभक्ती, त्याग, सैनिकांचा सन्मान वगैरे असतंच. आधी बाजूला लिहून काढा, की त्या घडीला देशात खरा वाद कशावर पेटला आहे. मग कागदावर दोन रकाने करा. एकात मत मिळालेले, दुसऱ्यात मत गेलेले. प्रत्येक नावापुढं लिहा: त्या वादात हा माणूस बहुधा कुणाच्या बाजूनं उभा राहील?

सरावासाठी पहिल्या महायुद्धातलं कॅनडाचं १९१७ साल घ्या. याहून उघडावाघडा नमुना सापडणार नाही. वाद सक्तीच्या लष्करभरतीचा. पंतप्रधान रॉबर्ट बोर्डेन यांना ती हवी, विरोधी नेते विल्फ्रिड लॉरिए यांचा विरोध. डिसेंबरच्या निवडणुकीआधी, सप्टेंबरमध्ये, युद्धकालीन निवडणूक कायदा आला.

पहिल्या रकान्यात बायका. पण सगळ्या नाहीत. सैनिकांच्या पत्नी, विधवा, आई, बहिणी, मुली. शेजारच्या घरातली तितकीच शिकलेली, तितकीच कष्टाळू बाई वगळलेली, कारण तिचं कुणी आघाडीवर नाही. नात्यावरून मत मिळतंय, तेव्हा कान टवकारायचे. ज्या घरचा मुलगा खंदकात आहे, ते घर कुमक पाठवायला नाही कशाला म्हणेल?

दुसऱ्या रकान्यात शत्रुदेशांत जन्मलेले आणि ३१ मार्च १९०२ नंतर नागरिक झालेले लोक. त्यांच्यासोबत युद्धात भाग न घेण्याची श्रद्धा असलेले मेनोनाइट आणि दुखोबोर हे ख्रिस्ती पंथ. नुसत्या यादीवर थांबू नका, तारखेला चिमटा काढा. लॉरिए १८९६ ते १९११ सत्तेवर होते आणि गवताळ प्रांतांत आलेले असे कितीतरी लोक त्यांच्या पक्षाकडे झुकलेले होते. मग अपवाद वाचा: घरचा मुलगा, नातू किंवा भाऊ फौजेत असेल, तर मत शाबूत. धोका जन्मभूमीचाच असता, तर भाऊ भरती झाल्यानं तो नाहीसा कसा झाला?

आता सगळ्यात कंटाळवाणं कलम, मोजणीचं. विद्यार्थी इथंच पानं उलटतात आणि खरी कारागिरी इथंच असते. जोडीला आलेल्या सैनिक मतदार कायद्यानं परिचारिकांसकट फौजेतल्या सगळ्यांना मत दिलं. त्यात एकवीस वर्षांखालचे आले, आदिवासी सैनिकही आले. हे चांगलंच म्हणायचं. पण सैनिकानं मतदारसंघ सांगितला नाही, तर त्यानं ज्या पक्षाला मत दिलं, तो पक्ष ते कुठं मोजायचं हे ठरवू शकत होता! म्हणजे मत सैनिकाचं, पत्ता पक्षाचा. सैनिकांची नव्वद टक्क्यांहून जास्त मतं सरकारला पडली. २३५ पैकी १५३ जागा बोर्डेन यांच्या युतीला मिळाल्या.

कायदा न बदलताही काम साधतं, म्हणून हुकूम आणि रजाही तपासा. १८६४ मध्ये अमेरिकेत, यादवी युद्ध चालू असताना, इंडियाना राज्याच्या सैनिकांना आघाडीवरून मत देता येत नव्हतं. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी सेनापती शर्मन यांना पत्र लिहून, जमल्यास त्यांना मतदानासाठी घरी जाऊ द्या, असं सुचवलं.

मात्र डाव टाकला म्हणजे जिंकला, असं समजू नका. ऑस्ट्रेलियात १९१७ मध्ये पंतप्रधान ह्यूज यांच्या सरकारनं शत्रुदेशात जन्मलेल्या अनेक नागरिकांची मतं काढून घेतली, तरी लष्करभरतीचं सार्वमत हरलंच.

शेवटी कलमांची मुदत पाहा, आणि दोन्ही रकान्यांची वेगवेगळी पाहा. कॅनडात १९१८ मध्ये नात्याची अट जाऊन स्त्रियांना व्यापक मताधिकार मिळाला. आदिवासी सैनिकांना १९१७ मध्ये मत मिळालं होतं, पण त्यांच्या समाजातल्या सगळ्यांना संघीय निवडणुकीत विनाअट मत द्यायला १९६० उजाडावं लागलं.