स्पायना बायफिडा असलेल्या मुलाचा अभ्यास कसा घ्यावा

स्पायना बायफिडा असलेले मूल बहुधा बोलके असते आणि वाचतेही भराभर, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या मराठी शाळांत ते गणितात अडले की त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. मणक्याच्या या जन्मजात दोषासोबत पुष्कळ मुलांच्या डोक्यात पाणी साचते व मेंदूची जडणघडणही वेगळी होते. म्हणून बुद्धी सर्वसाधारण असूनही लक्ष वळवणे, कामाचा क्रम लावणे आणि वाचलेल्याचा आशय पकडणे त्याला जड जाऊ शकते.

‘समजलं का?’ या प्रश्नाला मिळालेल्या होकारावर विसंबू नये. उतारा वाचून झाल्यावर तो त्याच्याच शब्दांत सांगायला लावावा आणि मजकुरात थेट न लिहिलेली एक तरी गोष्ट विचारावी. खरी अडचण तिथे उघड होते.

गणिताची वही मात्र बारकाईने पाहावी. ३०२ मधून १४७ वजा करताना ७ हा अंक दशकाच्या घरात सरकलेला असेल, तर मुलाला वजाबाकी येते, पण अंकांची मांडणी चुकते आहे. अशा वेळी चौकटींची वही द्यावी, वर एकक, दशक, शतक लिहून घ्यावे, बाकीची उदाहरणे कोऱ्या कागदाने झाकावीत आणि दशक सुटे करण्याच्या पायऱ्या रोज त्याच क्रमाने मोठ्याने म्हणवून घ्याव्यात. सूचना एका वेळी एकच द्यावी.

आपल्याकडे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या मुलाच्या हातून जातात. हात संथ चालत असेल तर फळ्यावरचे सगळे उतरवण्याची सक्ती करू नये. छापील मजकूर द्यावा, उत्तरे तोंडी घ्यावीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये परीक्षेसाठी लेखनिक आणि जादा वेळ यांची तरतूद आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून मुख्याध्यापकांकडे वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी अर्ज द्यावा.

मुलाला शंट, म्हणजे डोक्यात साचलेले पाणी वाहून नेणारी नळी, बसवलेला असेल आणि अभ्यासातील गती एकाएकी मंदावली, तर त्याला रागवण्याआधी शंट बंद पडल्याची शंका घ्यावी. सोबत डोकेदुखी, उलटी किंवा सुस्ती असल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला तातडीने न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात न्यावे.