तळपायावरचा काळा डाग घरी कसा तपासावा आणि पुढे काय करावे

मेलानोमा हा त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जगात सर्वाधिक आढळतो. भारतात त्याचे प्रमाण वर्षाला लाख लोकसंख्येमागे एकापेक्षाही कमी आहे. मात्र गोऱ्या लोकांत बहुतांशी उन्हाशी निगडित असलेला हा रोग आपल्याकडे बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. म्हणून खान्देशातील शेतकरी कुटुंबाने तपासणी पायापासून सुरू करावी.

महिन्यातून एकदा पाय स्वच्छ धुऊन उजेडात बसावे आणि टाच, तळवा, बोटांच्या बेचक्या व नखे नीट पाहावीत. तळवा दिसत नसल्यास घरच्या माणसाकडून पाहून घ्यावा. रावेर-यावल भागात केळीचे घड उतरवणाऱ्यांच्या हातांवर चिकाचे काळे डाग असतातच, पण ते कातडीच्या वरच्या थरात असल्याने काही दिवसांत झिजून जातात. जो डाग झिजत नाही, उलट पसरतो, ज्याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत आणि ज्यात दोन-तीन छटा दिसतात, त्याचा मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढावा आणि तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. महिनाभरात न भरणारी जखम काळी नसली, तरी तिलाही हाच नियम लावावा.

नखाच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. ठेच लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि त्यामागे स्वच्छ नख उगवते. याउलट मुळापासून टोकापर्यंत गेलेला एकाच नखावरचा पट्टा रुंदावत असेल किंवा काळेपणा लगतच्या कातडीत उतरला असेल, तर थांबू नये. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर असे पट्टे बहुधा निरुपद्रवी असतात, हेही खरे.

कुरूप समजून डागावर बिब्बा लावणे किंवा ब्लेडने तासणे कटाक्षाने टाळावे. याने रोग पसरतो की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी निदान लांबते, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते.

बायोप्सीच्या (डागाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) अहवालात गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ती अवश्य विचारावी, कारण उपचार आणि आयुष्य दोन्ही तिच्यावर बरेच अवलंबून असतात. जाडी 1 मिमीपर्यंत असल्यास साधारण 1 सेंमी, तर 2 मिमीहून अधिक असल्यास साधारण 2 सेंमी निरोगी कातडी सभोवार काढली जाते, आणि गरजेनुसार जांघेतील पहिली लसिकाग्रंथीही (रोग पसरताना जिथे आधी पोहोचतो ती गाठ) तपासतात. अमेरिकेच्या आकडेवारीत रोग जागेवरच असताना सापडलेल्यांपैकी 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षे जगतात, तर दूरच्या अवयवांत पसरल्यावर सुमारे एक तृतीयांशच. हे आकडे मुख्यतः गोऱ्या रुग्णांचे आहेत; तळपायाचा मेलानोमा उशिरा सापडत असल्याने त्याचे निकाल त्याहून कमी असतात. पसरलेल्या रोगात जुनी केमोथेरपी फारशी चालत नाही. 2011 नंतर आलेली इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणारी औषधे, चालते, पण ती महाग आहे. म्हणून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर व्रण आणि जांघ दर महिन्याला स्वतः चाचपून पाहावी, आणि गाठ लागल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.