निळ्या प्रकाशाने जिवाणूतलं एन्झाइम चालू कसं करायचं

बेगियाटोआ या जिवाणूपासून मिळालेलं बीपॅक हे एन्झाइम निळ्या प्रकाशात एटीपीपासून (पेशीतला ऊर्जा वाहणारा रेणू) सीएएमपी (पेशीत जनुकं चालू करण्याचा निरोप देणारा रेणू) बनवू लागतं. प्रकाशातला वेग अंधारातल्यापेक्षा सुमारे ३०० पट. प्रकाश टिपणारा एफएडी रेणू ई. कोलाय हा प्रयोगशाळेतला नेहमीचा जिवाणू स्वतःच तयार करतो, त्यामुळे वरून काही घालावं लागत नाही.

सायए जनुक (ज्यामुळे जिवाणू स्वतः सीएएमपी बनवतो) निकामी असलेला ई. कोलाय घ्या आणि त्यात बीपॅकचं जनुक प्लाझ्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या वलयावरून, घाला. सीएएमपीअभावी त्याला माल्टोज पचत नाही आणि मॅकॉन्की आगरवर (आम्ल झालं की वसाहती लाल दाखवणारं माध्यम) त्याच्या वसाहती फिक्या राहतात. बीपॅक चालू झालं की माल्टोज आंबतो, आम्ल सुटतं, वसाहत लाल होते. केइओ संग्रहातला (एकेक जनुक काढलेल्या ई. कोलायच्या वाणांचा संग्रह) वाण असेल तर दोन गोष्टी पाहा: त्यात लॅक्टोज तोडणारं लॅक-झेड जनुक नसतं, म्हणून लॅक्टोज चालत नाही, आणि तो आधीच कॅनामायसिनला दाद देत नाही, म्हणून प्लाझ्मिडसाठी अँपिसिलिन (१०० मायक्रोग्रॅम/मिली) ठेवा. टेट्रासायक्लिन प्रकाशात विघटित होतं, ते टाळाच.

साखर नसलेला मॅकॉन्की बेस ४ ग्रॅम, पाणी ९५ मिली; ऑटोक्लेव्ह करा. ५० अंशांपर्यंत निवल्यावर गाळून निर्जंतुक केलेलं २०% माल्टोज ५ मिली आणि अँपिसिलिन घाला. एवढ्यात पाच प्लेटा होतात. ग्लुकोजचा अंशही नको. तो सीएएमपीशिवायही आंबतो, म्हणून अंधारातल्या वसाहतीही लाल होतील.

प्लेटा ३० अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा: एक ४५० नॅनोमीटरच्या एलईडीखाली, एक फॉइलमध्ये, आणि रिकाम्या (बीपॅक नसलेल्या) प्लाझ्मिडची एक प्रकाशात. पेरणी आणि तपासणी लाल दिव्यात. आगरमधला न्यूट्रल रेड हा सूचक रंग निळा प्रकाश शोषतो, म्हणून प्रकाश वसाहतींच्या बाजूनेच पडू द्या. प्लेट उलटी असेल तर दिवा खाली हवा. दिव्याने प्लेट तापते, तेव्हा तापमान प्लेटजवळच मोजा.

सगळ्यात जास्त फसतं ते अंधारातल्या प्लेटवर. ती लाल झाली तर फॉइलला दोष देण्याआधी प्रमोटर (जनुक किती जोरात चालेल ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) बघा. एन्झाइम फार बनलं की अंधारातली त्याची क्षीण क्रियाही पुरेशी ठरते; कमकुवत प्रमोटर आणि कमी प्रतींचं प्लाझ्मिड हाच खरा इलाज. प्रकाशातली प्लेटही फिकीच राहिली तर आगरमध्ये २ मिलिमोलर सीएएमपी घालून वाण तपासा: तरीही लाल होत नसेल तर दोष माल्टोजच्या मार्गात आहे, प्रकाशात नाही. प्रकाशात वसाहती बारीक राहत असतील तर तीव्रता जास्त आहे. ५ सेकंद चालू, २५ सेकंद बंद असा दिवा लावून पाहा. दिवा विझताच बीपॅक लगेच थांबत नाही, काही सेकंद काम करत राहतं.