कोर्ट की करारनामे? वकिलीची सनद घेताना ठरवायचं कसं

दिवाणी वकिलाचा बराचसा दिवस आपल्या प्रकरणाचा पुकारा कधी होतो याची वाट बघण्यात जातो. हे रुजू झाल्यावर कळण्यापेक्षा आधीच बघून घेतलेलं बरं.

त्यासाठी आठ दिवस जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. मागच्या बाकावर बसायला सहसा कुणी अडवत नाही. बोर्डावरची, म्हणजे त्या दिवसाच्या यादीतली, पाच प्रकरणं निवडा आणि प्रत्येकात पुढची तारीख का पडली ते लिहा: साक्षीदार आला नाही, समन्स बजावलं गेलं नाही, समोरच्यांनी मुदत मागितली. एक उलटतपासणी पूर्ण ऐका. साक्षीदार अडखळला तेव्हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आधीच तयार होता का? मला ही खूण वक्तृत्वापेक्षा कितीतरी भरवशाची वाटते.

मग घरातला एखादा भाडेकरार काढा, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा. प्रत्येक कलमापुढे लिहा, हे कोणतं भांडण टाळण्यासाठी घातलंय? अनामत कधी परत, मुदतीआधी घर सोडलं तर काय, रंगकाम कुणाकडे. आपल्याकडे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे मसुदा करणाऱ्याची चूक कधीतरी कोर्टातच उभी राहते. असं कलम तीनदा लिहूनही कंटाळा आला नाही, सात-बारा आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) शेजारी ठेवून क्षेत्रफळातली तफावत शोधताना जेवणाची आठवण राहिली नाही, तर व्यवहाराचं काम तुमचं आहे.

आता पैसा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सीनियर वकिलांनी ज्युनिअरना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारस आहे. सीनियरना आकडा स्पष्ट विचारा. त्यात कमीपणा नाही. फर्म किंवा कंपनीत पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. घरी कर्जाचे हप्ते असतील तर तो निःसंकोच घ्या.

एक अट मात्र आधीच तपासा. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली लागते. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली थांबवावी लागते. न्यायाधीश व्हायचं मनात असेल, तर आधी कोर्ट.

आणि काहीच ठरत नसेल तर? मी दोन वर्षं कोर्टातच सांगेन. आपण वाचलेलं कलम साक्षीत कुठे मोडतं ते पाहिलेला माणूस पुढे करार वेगळ्या काळजीने लिहितो. फक्त सीनियर निवडताना विचारा: मसुदे मला लिहायला मिळतील, की फक्त तारखा घ्यायच्या?